मुलीचे ६२, माझे ७३ – खरे कुठले धरायचे?

लाईनमन_पेडणे (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी पेडण्याचा, वीज खात्यात लाईनमन. प्रश्न मुलीचा आहे. ती नऊ वर्षांची, मराठी शाळेत चौथीत. पहिलीत असताना एक गुडघा सुजला, मग दुसरा, मग उजवं मनगट. लहान मुलांचा संधिवात निघाला. केस पेपरवर ‘जेआयए’ लिहितात. दर शनिवारी रात्री मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन, ते घरीच तिची आई देते. मी पावसात खांबावर चढतो, पण ती सुई मला बघवत नाही, तेवढा वेळ मी अंगणात असतो.

गेल्या भेटीत डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून, वळवून पाहिला, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, ‘सुरेख! सूज कुठेच नाही.’ मी खूश. निघणार तेवढ्यात एका मॅडमनी दोन कागद पुढे केले, एक मुलीला, एक मला. तिला आत टेबलाशी बसवलं आणि मला सांगितलं, बाबा, तुम्ही बाहेरच्या बाकावर भरा. प्रश्न दोन्हीकडे तेच, तेवीस. गेल्या महिन्यात चालायला, पळायला, जड उचलायला किती वेळा त्रास झाला. भीती, उदास वाटणं, राग, झोप. इतर मुलं चिडवतात का, त्यांच्याबरोबर खेळता येतं का. शाळेत लक्ष लागतं का, दवाखान्यामुळे शाळा बुडते का. प्रत्येकाला पाच उत्तरं, ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत. मुलीने जीभ बाहेर काढून, एकेक गोल नीट रंगवत भरलं. माझं तिच्या आधी झालं.

मॅडमनी कॉम्प्युटरवर घालून हे दिलं, मी फोटो काढून घेतला:

शरीर: तिचे ६५.६, माझे ६२.५
भावना: तिचे ५५, माझे ८५
इतर मुलांबरोबर: तिचे ६०, माझे ८०
शाळा: तिचे ६५, माझे ७०
एकूण: तिचे ६२, माझे ७३

ओपीडीत रांग एवढी की विचारायला कुणी मोकळं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, ‘जीवनाची गुणवत्ता मोजतो, पुढच्या वेळी परत भरायचंय’, आणि पुढचं नाव पुकारलं.

आता माझी भानगड अशी. एकाच घरावर दोन मीटर आणि दोन रीडिंग. आमच्या खात्यात असं झालं तर एक मीटर काढून टेस्टिंगला पाठवतात. इथे कुणाला पाठवायचं, मुलीला की बापाला? आणि सांधे सुरेख असतील तर ६२ कसे? हे काठावर पास आहे का? हा आकडा बघून डॉक्टर औषध वाढवतील का? बायको म्हणते, नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं, तिने पटापट ठोकलं असेल. पण ती पटापट ठोकत नव्हती, मी काचेतून बघत होतो.

---

फिजिओ_फोंडा

लाईनमनबाब, दोन्ही मीटर राहू द्या. दोन्ही चालू आहेत, फक्त एक घरातल्या बाजूला लागलंय आणि एक रस्त्याच्या.

मी फिजिओथेरपिस्ट. लहान मुलांचे सांधे हे माझं रोजचं काम आहे, आणि असे कागद मी बरेच भरून घेतलेत. तुमच्या वर्णनावरून हा ‘पेड्सक्यूएल’ दिसतो. जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला. त्याची हल्ली वापरतात ती ४.० आवृत्ती २००१ची. दोन ते अठरा वर्षांपर्यंत चालतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी फक्त आईबाप भरतात. पाच ते सात वर्षांच्यांना कुणीतरी वाचून दाखवतं आणि मूल हसरा, मधला किंवा रडका चेहरा बोटाने दाखवतं. आठपासून मूल स्वतः भरतं. म्हणून तुम्हाला बाहेर बसवलं. बाप शेजारी असला की मूल आधी बापाचं तोंड बघतं आणि मग गोल रंगवतं.

गुण कसे येतात ते सांगते, म्हणजे ‘काठावर पास’ डोक्यातून जाईल. ‘कधीच नाही’ला १००, ‘क्वचितच’ला ७५, ‘कधीकधी’ला ५०, ‘बरेचदा’ला २५, ‘जवळजवळ नेहमी’ला शून्य. तेवीस उत्तरांची सरासरी म्हणजे एकूण. ही परीक्षा नाही, पस्तीसला पास वगैरे काही नाही. ठणठणीत मुलांनाही शंभर पडत नाहीत. वार्नींच्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात निरोगी मुलांची स्वतःची सरासरी ८३च्या आसपास होती. कुणाला कधी भीती वाटते, कुणाचं गणितात लक्ष नसतं, ते सगळं यात धरलेलं असतं. त्याच अभ्यासात मुलाने स्वतः दिलेले गुण ७०च्या खाली गेले तर जरा लक्ष द्या अशी एक रेघ काढली होती. ती रेघ तिकडच्या मुलांवरून काढलेली, पेडण्याच्या पोरीला जशीच्या तशी लावायची नाही. पण ६२ला ‘ठीक आहे’ म्हणून मी फाईल मिटणार नाही.

‘खरे कुठले’ हा प्रश्न एकूण आकड्यावर विचारू नका, चारही ओळी वेगळ्या वाचा. शरीराच्या ओळीत तुम्ही दोघं जवळजवळ एकाच जागी आहात. शाळेतही फार लांब नाही. भावनेत तीस गुणांची दरी आहे, इतर मुलांबरोबरच्या ओळीत वीसची. मुलं आणि आईबाप यांच्या उत्तरांची तुलना करणारे अभ्यास जगभर झालेत, त्यांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. डोळ्यांना दिसतं तिथे एकमत होतं, लंगडणं लपत नाही. मनातलं आणि वर्गातलं दिसत नाही, तिथे मत फाटतं. तुमच्या बाबतीत एक गंमत आहे. आजारी मुलांचे आईबाप बहुतेक वेळा मुलापेक्षा कमी गुण देतात, कारण काळजी त्यांनाच जास्त लागलेली असते. तुम्ही जास्त दिलेत. तुम्हाला एक विचारू का? पावसाळ्याच्या दिवसांत तुम्ही तिला जागेपणी किती वेळ बघता?

आता ‘सांधे सुरेख तर ६२ कसे’. डॉक्टरांनी रोग मोजला. सुजलेले सांधे किती, रक्तात सूज दाखवणारा ईएसआर किती, सकाळी अंग किती वेळ आखडतं. त्याखेरीज आमच्याकडे ‘सीएचएक्यू’ म्हणून एक कागद असतो, त्यात कामं मोजतात. कपडे घालणं, उठणं, जेवणं, चालणं, आंघोळ, हात वर पोचणं, पकड, आणि घरातली-बाहेरची इतर कामं. त्याचे गुण ० ते ३, आणि तिथे शून्य सर्वांत चांगलं! पेड्सक्यूएलच्या बरोब्बर उलटं. एकाच फाईलमध्ये दोन्ही असले की नवखे डॉक्टरसुद्धा गडबडतात. तर तुमच्या मुलीचा सीएचएक्यू कदाचित शून्य येईल. बटण लावते, पेला उचलते, जिना चढते. पण जिना चढताना मागून कुणी काही बोललं का, हे त्या कागदाला विचारायचंच नसतं. ते पेड्सक्यूएल विचारतो. म्हणून सूज शून्य, सीएचएक्यू शून्य आणि भावना ५५, हे तिन्ही एकाच दिवशी खरं असू शकतं.

औषध वाढेल का? नुसत्या या आकड्यावर कोणी शहाणा डॉक्टर संधिवाताचं औषध वाढवणार नाही. उलट कधीकधी आकडा खाली ओढणारं औषधच असतं. म्हणून विचारते, शनिवारी रात्री आणि रविवारी ती कशी असते?

तुमच्याकडे प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराचा फोटो आहे की फक्त बेरजांचा?

---

सत्तरीचा_मास्तर

मी वीस-बावीस मुलांच्या वर्गात उभा राहतो, म्हणून बोलतो. मूल मूडवर लिहितं. सकाळी पेन हरवलं असेल तर ‘उदास’पुढे ‘जवळजवळ नेहमी’. हे सगळं कुणाच्या तरी प्रबंधासाठी चाललंय. कागद भरून कुणाचा गुडघा बरा झाला?

---

फिजिओ_फोंडा

मास्तर, गुडघा नाही होत बरा, खरं आहे. थर्मामीटरनेही ताप उतरत नाही.

मूडचं म्हणाल तर एका प्रश्नाची एक पायरी हलली की एकूणात एक गुण आणि वर थोडंसं हलतं, २५ भागिले २३. वार्नींच्या हिशेबाने मुलाच्या एकूण गुणांत साधारण साडेचारचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा. म्हणजे चार-पाच प्रश्नांत उत्तर एकाच दिशेला सरकायला हवं. हरवलेलं पेन एवढं ओढत नाही. आणि प्रश्न आजच्या सकाळचा नाही, गेल्या महिन्याचा असतो.

प्रबंधासाठीही वापरतात, त्यात लपवण्यासारखं काय आहे? महागडी इंजेक्शनं सरकारी योजनेत घ्यायची की नाही, हे ठरवणाऱ्यांना ‘सूज उतरली’ एवढं पुरत नाही. त्या औषधाने माणूस कसा जगतो याचाही हिशेब मांडतात. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली ‘एचटीएइन’ २०१७पासून हेच काम करते. मोठ्यांसाठी ‘ईक्यू-५डी’ नावाचा पाच प्रश्नांचा कागद असतो, मुलांसाठी त्याची ‘वाय’ आवृत्ती आहे. त्यात पाचवा प्रश्नच काळजी, उदासी, नाखुशीचा. मुलांना विचारलंच नाही तर त्या हिशेबात मुलं मोठ्यांच्या अंदाजाने धरली जातात.

---

दम्याची_आई_वास्को

आमचा मुलगा दमेकरी, अकरा वर्षांचा. त्याच्याकडून वेगळा कागद भरून घेतला, दम्याचाच. एलिझाबेथ जुनिपर यांनी केलेला, ‘पीएक्यूएलक्यू’. तेवीसच प्रश्न, पण गेल्या आठवड्याचे, आणि गुण १ ते ७, सात म्हणजे उत्तम. त्यातला एक भाग मला फार आवडला. मुलालाच विचारतात, दम्यामुळे जमत नाहीत अशी तुझी तीन कामं तूच सांग, आणि मग दर वेळी त्याच तिघांबद्दल विचारतात.

मी मनात यादी केलेली: अभ्यास, झोप, जिना. चिरंजीवांनी सांगितलं: फुटबॉल, शिगम्यात ढोल वाजवणे, आणि कुत्र्यामागे धावणे. कुत्रा शेजाऱ्यांचा! मॅडमनी तस्संच लिहून घेतलं, हसल्यासुद्धा नाहीत.

नंतर स्प्रे बदलला. त्या कागदात सरासरी अर्धा गुण हलला तरी तो फरक धरतात म्हणे. त्याचा पाऊणने वाढला. माझ्या दृष्टीने खोकला होता तेवढाच होता. पण तो कुत्र्यामागे कोपऱ्यापर्यंत जात होता. आईबापांचा वेगळा कागदही असतो त्यात, तेरा प्रश्नांचा, आमची झोप किती मोडते, आमची कामं किती अडतात याचा. तो भरताना मला रडू आलं, का ते विचारू नका.

लाईनमनदादा, तुमच्या मुलीला तिची तीन कामं विचारून बघा. कागदात नसली म्हणून काय झालं?

---

पंचविशीतली_म्हापसेकर

मी इथे कधी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. मला हाच आजार आठव्या वर्षी झाला. आता पंचविशीत आहे, नोकरी करते, गेली काही वर्षं औषधाशिवाय आहे.

बाबांना सांगते, तुमच्या मुलीने खरं लिहिलं याचंच मला कौतुक वाटलं. मी लिहीत नसे. मला कागद मिळाला की सगळ्यांपुढे ‘कधीच नाही’. कारण साधं होतं. ‘दुखतं’ म्हटलं की आईचा चेहरा पडायचा आणि परत येताना बसमध्ये ती बोलायची नाही. शिवाय मला वाटायचं की ‘दुखतं’ लिहिलं की सुया वाढतील. शंभरपैकी शंभर घेऊन मी घरी यायचे आणि रात्री उशी दातांत धरायचे. आकडा चांगला आला म्हणून पोर बरी आहे असं समजू नका, हेही या धाग्यावर कुणीतरी लिहायला हवं होतं.

आणि हो, मेथोट्रेक्सेट. ते पिवळं असतं ना. माझी मावशी पिवळा पंजाबी घालून आली तरी मला मळमळायचं. हसू नका, खरंच. इंजेक्शन शुक्रवारी असायचं आणि मी बुधवारपासून गप्प. रक्ताच्या रिपोर्टात ते कुठे दिसणार? रिपोर्ट नेहमीच छान.

एक भीती मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. डोळ्यांची. दर तीन महिन्यांनी डोळे तपासायला पाठवायचे. डॉक्टर माझ्यादेखत आईला म्हणाले, ‘डोळा लाल होत नाही, दुखत नाही, तरी आत सूज असू शकते, कळेपर्यंत नजर जाते.’ ते आईला सावध करत होते. मी खुर्चीत बसून ऐकत होते. त्यानंतर कित्येक रात्री दिवा मालवला की एक डोळा झाकून बघायचे, दुसऱ्याने दिसतंय का. अंधारात काय दिसणार? मग आणखी घाबरायचे.

तिला हे विचारा. सरळ नका विचारू, स्कूटरवर जाताना विचारा. तोंड समोर नसलं की आम्ही बोलतो.

---

लाईनमन_पेडणे

सगळ्यांचे आभार. चार दिवस लाईनीवर झाडं पडत होती, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

फिजिओताई, तुमचा प्रश्न बरोबर नेमका लागला. जून ते सप्टेंबर मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते, सकाळी निघतो तेव्हा ती दात घासत असते. जागेपणी बघतो ते रविवारी, तोही सगळा नाही.

मॅडमना फोन केला. त्यांनी न कुरकुरता दोन्ही कागदांचे फोटो पाठवले. स्वयंपाकघरात ताटापुढे मोबाईल ठेवून मी आणि बायको बघत बसलो. एक गोष्ट मजेशीर निघाली, ‘राग येतो का’ याला आम्हा दोघांचंही ‘कधीकधी’. राग तर दिसतोच, वही भिरकावते. ‘पुढे माझं काय होईल याची काळजी’ याला माझं ‘कधीच नाही’ आणि तिचं ‘बरेचदा’. ‘इतर मुलं चिडवतात’ याला माझं ‘कधीच नाही’, तिचं ‘कधीकधी’. ‘दवाखान्यामुळे शाळा बुडते’ याला माझं ‘कधीकधी’, तिचं ‘बरेचदा’. त्यात तीच बरोबर, मी फक्त मोठ्या भेटी मोजल्या. रक्त तपासायला आणि डोळ्यांना तिची आई नेते, ते दिवस माझ्या हिशेबात नव्हतेच.

मग रविवारी तिला घेऊन केरीला निघालो, आजोळी. म्हापसेकर बाय, तुम्ही सांगितलं तसं स्कूटरवरच विचारलं. ‘बाय, शाळेत कोण काय म्हणतं गं?’ थोडा वेळ काहीच नाही. मग पाठीमागून, ‘आजी म्हणतात.’ सकाळच्या प्रार्थनेला खाली बसायचं असतं. हिला बसायला आणि उठायला वेळ लागतो, म्हणून आजी. काठी घेऊन ये, म्हणतात. दोघंच आहेत तसे, बाकीचे नुसते हसतात. बाईंना सांगितलंस का? ‘बाई पण हसल्या एकदा.’ यावर मी काय बोलणार? स्कूटर चालवत राहिलो.

डोळ्यांचं विचारलं तर लगेच म्हणाली, ‘जातात ना?’ इतक्या साधेपणाने म्हणाली की गाडी बाजूला घ्यावी लागली. तपासायला नेतात ते जाऊ नयेत म्हणूनच, लवकर कळलं तर थेंब घालून आवरता येतं, असं माझ्या परीने सांगितलं. पटलं की नाही कोण जाणे. डोळ्यांच्या डॉक्टरांनाच सांगणार आहे, जे काय असेल ते तिला समोर बसवून, तिच्याशी बोलून सांगा.

तिची तीन कामंही विचारली. पहिलं: चवथीला, म्हणजे गणपतीत, फुगडी. दोन वर्षं नुसती बघते, मनगट धरून कुणी ओढलं तर दुखेल म्हणून तिची आई सोडत नाही. दुसरं: प्रार्थनेला सगळ्यांबरोबर खाली बसणे. मला वाटलं होतं, ती म्हणेल खुर्ची द्या. खुर्ची नको म्हणते, खुर्चीवर तर आणखीच आजी. तिसरं ऐका: ‘रविवार’. कसला रविवार? तर ‘अख्खा रविवार’.

फिजिओताई, तुम्ही शनिवार रात्रीचं का विचारलंत ते आता कळलं. इंजेक्शन शनिवारी रात्री, म्हणून रविवारी दुपारपर्यंत मळमळून तोंडात पाणी सुटतं, पेजसुद्धा जात नाही. तिच्या आईने शनिवार यासाठीच धरलेला की शाळा बुडू नये. शाळा वाचली. पण मामाची पोरं, पाटावरची मासळी, समुद्र, सगळं रविवारीच असतं आणि ही चटईवर आडवी. आणि आता शनिवारी दुपारी बॉक्स फ्रिजमधून काढला की तोंड वळवते, आधीच.

आता विचारतो. दिवस बदलता येतो का? आणि हे पुढच्या कागदात कुठे दिसेल? त्या तेवीस प्रश्नांत औषधाचं तर काहीच नाही.

---

फिजिओ_फोंडा

औषधाचं त्यात नाहीच, कारण तो सर्व आजारांसाठी आणि निरोगी मुलांसाठीही एकच कागद आहे. त्याच पेड्सक्यूएलचा सांध्यांच्या आजारांसाठी वेगळा भाग आहे, बावीस प्रश्नांचा. दुखणं, रोजची कामं, उपचार, काळजी, आणि डॉक्टरांशी बोलता येतं का. तुमच्या मुलीचं निम्मं गाऱ्हाणं त्या ‘उपचार’ आणि ‘काळजी’तच बसेल. मॅडमना सांगा, पुढच्या वेळी तोही द्या. इंटरनेटवरून उतरवून घरी भरू नका. तो परवानगीने वापरायचा कागद असतो, फ्रान्समधल्या ल्योंच्या मॅपी ट्रस्टकडून रुग्णालयं परवानगी घेतात. आणि घरी भरलेल्याचे गुण फाईलला लावता येत नाहीत.

मळमळीचं वेगळं मोजमापही आहे, मुलांसाठीच केलेलं, ‘मिस’. औषध घेतल्यावर, घेण्याआधी आणि नुसत्या विचारानेसुद्धा पोटात दुखतं का, मळमळतं का, उलटी होते का, मूल चिडतं-रडतं का. बॉक्स बघून तोंड वळवणं त्यात सरळ येतं. हे नखरे नाहीत, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या पुष्कळ मुलांना होतं. डॉक्टरांना याच शब्दांत सांगा: ‘शनिवारी दुपारपासून सुरू होतं आणि रविवारी दुपारपर्यंत राहतं.’ वार बदलणं, फोलिक अॅसिड कधी आणि किती, उलटीचं औषध आधी द्यायचं का, हे सगळं त्यांच्या हातात आहे. वार बदललाच तर आठवड्यातून एकदाच, हे डोळ्यांत तेल घालून पाळायचं. बदलताना मध्ये चुकून जास्तीचा डोस जाणं धोक्याचं. म्हणून मनाने नको, त्यांना विचारूनच.

फुगडीला माझी हरकत नाही. आत्ता सूज नाही, मनगटाला पट्टा लावून, हात कोपरापाशी धरून, समवयस्क मुलीबरोबर, मोठ्या बायकांबरोबर नको. चवथीच्या आधी आणा तिला, मी दाखवते. खाली बसण्याचंही बघू. सकाळी आखडलेलं असतं म्हणून जड जातं. निघण्यापूर्वी गरम पाण्याची आंघोळ आणि दहा मिनिटांचा व्यायाम करून गेली तर फरक पडतो. तेवढ्याने नाही भागलं तर सगळ्यांनी उभ्याने प्रार्थना म्हटली तर शाळेचं काय बिघडतं, हे मास्तरांनी सांगावं.

---

सत्तरीचा_मास्तर

काही बिघडत नाही. आमच्याकडे पावसात ओलं असलं की उभ्यानेच होते. लाईनमनदादा, शाळेत वाद घालायला जाऊ नका, हेडबाईंना एकटं भेटा आणि सांध्यांचं सर्टिफिकेट बरोबर न्या. चिडवणाऱ्या दोघांची नावं मुलीकडून घेऊ नका, तिच्या तोंडून गेली तर तिलाच जड जाईल. वर्गशिक्षिकेला माहीत असतं, नेहमी माहीत असतं.

प्रबंधाचं जे म्हणालो ते मागे घेत नाही, पण हा फोटो कागदावर घेऊन हेडबाईंपुढे ठेवायला हरकत नाही. ‘इतर मुलांबरोबर ६०’ हे बापाच्या तक्रारीपेक्षा त्यांना लवकर दिसेल.

---

लाईनमन_पेडणे

हे सुचलं नव्हतं. नेतो.

शेवटचं एक. पुढचा कागद ऑक्टोबरात. मी त्या दिवशी ड्युटीवर असेन बहुतेक, तिची आई जाईल. तिने भरला तर चालेल ना? तिचे गुण माझ्यापेक्षा कमी येणार हे आत्ताच सांगतो.

---

फिजिओ_फोंडा

तसं करू नका. आधीचा तुम्ही आणि पुढचा त्यांनी भरला तर आकडा मुलीमुळे हलला की भरणारा बदलला म्हणून, हे कुणालाच सांगता येणार नाही. रजा टाका. नाहीच जमलं तर आईने भरावा, पण वर ‘आई’ अशी स्पष्ट खूण करून, आणि त्याची तुलना तुमच्या ७३शी करू नये. तो आईचा पहिला कागद म्हणून ठेवावा. मुलीचा मात्र तिचाच, तिच्या ६२शी. तो मॅडमच्या टेबलाशीच भरू दे, तुम्ही दोघंही बाहेर. आणि दिवाळीची सुट्टी लागून गेली असेल तर मॅडमना आधी सांगा. महिन्यात शाळाच कमी झालेली असेल तर शाळेची ओळ उगाच वर जाते.